एनबीए आणि रॅपची सोयरीक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीएचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना लावला की पहिल्या रांगेत एखादा रॅपर बसलेला दिसतो. रॅप ऐकायला घेतलं की दोन-चार ओळींत एखाद्या बास्केटबॉलपटूचं नाव येतं. नव्याने सामने बघायला लागलेल्यांना हे संदर्भ लागत नाहीत आणि उत्तमोत्तम विनोद हातचे जातात. मला हे दोन्ही प्रकार मनापासून आवडतात, आणि त्यांच्यामधली ही ये-जा तर सगळ्यात जास्त. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

बास्केटबॉल आणि रॅप एकत्र आलेच कसे?

दोन्ही एकाच वस्तीत वाढले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हिप-हॉप जन्मलं. त्याच शहरातल्या सार्वजनिक मैदानांवर पोरं दिवसभर बास्केटबॉल खेळत. दुपारी बास्केटखाली असलेला मुलगा संध्याकाळी माइकपाशी दिसणं यात कुणालाच नवल वाटत नव्हतं.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा हार्लेममधल्या रकर पार्कचा. तिथली प्रसिद्ध उन्हाळी स्पर्धा सुरू झाली ती रॅपर मंडळींच्या आपापसातल्या चुरशीतून. १९८२ मध्ये ‘डिस्को फोर’ आणि ‘क्रॅश क्रू’ हे दोन रॅप गट एकमेकांशी बास्केटबॉल खेळले. डिस्को फोरमधल्या ग्रेग मेरियसने त्यातून स्पर्धा उभी केली आणि पुढे एनबीएतले तारेही तिथे खेळायला येऊ लागले. तिथला निवेदक माइक घेऊन थेट मैदानात फिरतो, खेळाडूंना टोपणनावं देतो आणि चुकलेल्याची तिथल्या तिथे टर उडवतो. खेळाडू आणि रॅपर एकमेकांशी आजही ज्या सुरात बोलतात, तो सूर मला या मैदानावरचाच वाटतो.

बुटांनी दोस्ती आणखी घट्ट केली. आदिदासचा ‘सुपरस्टार’ हा मुळात बास्केटबॉल खेळण्याचा बूट. रन-डीएमसी या गटाने तो रस्त्यावर आणि मंचावर आणला. १९८६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, म्हणजे न्यूयॉर्क निक्स संघाच्या घरच्या मैदानात, त्यांच्या कार्यक्रमाला हजारो लोकांनी पायातले बूट काढून वर धरले. ते दृश्य पाहून कंपनीने त्यांच्याशी करार केला.

शकील ओनीलचा अल्बम खरंच प्लॅटिनम झाला होता?

झाला होता. १९९३ मध्ये आलेल्या शकीलच्या, म्हणजे सगळ्यांच्या शॅकच्या, पहिल्या अल्बमला अमेरिकेत प्लॅटिनमचा दर्जा मिळाला, म्हणजे दहा लाख प्रती. त्या वेळी शॅक विशीच्या सुरुवातीला होता आणि एनबीएत येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. दुसऱ्या अल्बममध्ये वू-टँग क्लॅन या नावाजलेल्या रॅप गटाचे आरझेडए आणि मेथड मॅन होते. १९९६ मधल्या तिसऱ्या अल्बमच्या शीर्षकगीतात खुद्द नोटोरियस बी.आय.जी. हा दिग्गज रॅपर होता.

आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. शॅकची कारकिर्दीतली फ्री थ्रोची सरासरी ५२.७ टक्के आहे. समोर कुणी अडवायला नाही, रेषेवर उभं राहायचं आणि चेंडू टाकायचा, तरी जवळपास निम्मे चुकायचे. प्रतिस्पर्धी संघ त्याला मुद्दाम फाऊल करत. ७ फूट १ इंच उंचीचा हा माणूस बास्केटपासून पंधरा फुटांवर उभा राहिला की अख्खं स्टेडियम श्वास रोखून धरायचं, आणि त्याच माणसाला माइकसमोर उभं करताना मात्र निर्मात्यांना काळजी नव्हती.

त्याच्या रॅपमुळे एकदा पोलिसी बिल्लाही गेला. २००८ मध्ये कोबी ब्रायंटचा लेकर्स संघ अंतिम फेरीत बोस्टनकडून हरला. थोड्याच दिवसांनी शॅकने न्यूयॉर्कच्या एका क्लबात आयत्या वेळी रॅप करत कोबीची, म्हणजे आपल्या जुन्या सहकाऱ्याची, भरपूर खिल्ली उडवली. त्यातली भाषा ऐकून अॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीच्या शेरीफने त्याला दिलेला मानद डेप्युटीचा बिल्ला परत मागितला. शॅकचं म्हणणं होतं की ही सगळी गंमत होती.

मग खेळाडूंमधला सगळ्यात चांगला रॅपर कोण? शॅकच ना?

विक्री मोजायची तर शॅक. गाणी ऐकायची तर डेमियन लिलार्ड, आणि याबद्दल मला शंका नाही. ऑकलंडमध्ये वाढलेला लिलार्ड ‘डेम डॉला’ या नावाने रॅप करतो. २०१६ पासून त्याचे अल्बम येत आहेत. त्याच्या ओळी बांधीव असतात, श्वास कुठे घ्यायचा ते त्याला कळतं, आणि गाण्यात आपण एनबीएत आहोत याची तो सतत आठवण करून देत नाही.

२०१९ मध्ये त्याने एका मुलाखतीत आपण शॅकपेक्षा चांगले रॅपर आहोत असं सांगितलं. शॅक तेव्हा ४७ वर्षांचा, निवृत्त, चार विजेतेपदांचा मानकरी. त्याने ते हसण्यावारी न्यायला हरकत नव्हती. पण तो थेट स्टुडिओत गेला आणि लिलार्डवर गाणं काढलं. लिलार्डने गाण्यानेच उत्तर दिलं, मग पुन्हा शॅक, पुन्हा लिलार्ड. वादात सामन्यांपेक्षा यमकांवर जास्त मेहनत घेतली गेली, आणि ऐकणाऱ्यांची चैन झाली.

आणखी दोन नावं सांगायलाच हवीत. फ्रान्सचा टोनी पार्कर २००७ मध्ये सॅन अँटोनियोकडून अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी त्याचा फ्रेंच भाषेतला रॅप अल्बम आला. ख्रिस वेबरने तर स्वतः गाण्यापेक्षा मागे बसून संगीत देणं पसंत केलं. नाससारख्या रॅपरने त्याच्या संगीतावर गाणी केली आहेत. या क्षेत्रात आपली जागा नेमकी ओळखणारे थोडे, वेबर त्यातला एक.

कोबी ब्रायंटच्या अल्बमचं काय झालं?

तो आलाच नाही. २००० मध्ये कोबीचं एक गाणं प्रसिद्ध झालं, ध्रुवपदाला मॉडेल टायरा बँक्स होती. ऑकलंडमधल्या ऑल-स्टार सप्ताहांतात दोघांनी ते मंचावर सादरही केलं. प्रतिसाद इतका थंड होता की सोनी कंपनीने अल्बम कपाटात ठेवला. त्याच जूनमध्ये कोबीने पहिलं विजेतेपद जिंकलं आणि सगळ्यांनी तो विषय सोडून दिला. जुनी चित्रफीत बघाल तर एक गोष्ट लक्षात येईल: कोबी ते गाणंही मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्याच्या गांभीर्याने म्हणतो आहे. मला तो तिथे फार लोभस वाटतो.

अॅलन आयव्हर्सन रॅपर नव्हता, तरी हिप-हॉपशी त्याचंच नाव का जोडलं जातं?

त्याने एक गाणं केलं होतं. २००० मधलं, ज्यूल्झ या नावाने. त्यातल्या समलैंगिकांविषयीच्या आणि स्त्रियांविषयीच्या ओळींवर जोरदार टीका झाली, एनबीएचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी त्याला बोलावून घेतलं, आणि अल्बम पुढे कधी आला नाही. टीका योग्यच होती.

पण त्याचा खरा ठसा उमटला तो राहणीमानात. बारीक वेण्या, गोंदण, ढगळे कपडे, गळ्यात साखळ्या. त्याआधी खेळाडू मैदानाबाहेर विमा विकायला निघाल्यासारखे सूट घालत. आयव्हर्सन जसा घरी तसाच कामावर आला. अवघ्या सहा फुटांचा हा गडी २००१ मध्ये स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि देशभरातल्या पोरांनी वेण्या घातल्या.

ऑक्टोबर २००५ मध्ये स्टर्न यांनी पोशाखाचे नियम आणले. कपड्यांवरून दिसणाऱ्या साखळ्या नकोत, डोक्याला फडकं नको, इमारतीच्या आत गॉगल नको, जर्सी घालून यायचं नाही. रोख कुणावर आहे हे सगळ्यांना कळत होतं आणि आयव्हर्सनने ते उघड बोलूनही दाखवलं.

पुढे जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मजेदार प्रकरण वाटतं. खेळाडूंनी नियम पाळले, आणि पाळता पाळता पार उलटवले. सूट घालायचा? मग रंगीत, फुलाफुलांचा, आखूड पँटचा सूट. २०१२ पर्यंत लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि रसेल वेस्टब्रुक पत्रकार परिषदेत काच नसलेले चष्मे घालून बसत होते. आज बसमधून उतरून ड्रेसिंग रूमपर्यंत चालत जाणं हाच एक फॅशन शो झाला आहे. छायाचित्रकार तासभर आधी जागा धरतात. साधे दिसा म्हणून केलेल्या नियमाने जगातले सगळ्यात नटवे खेळाडू घडवले.

उलट प्रवास कुणी केला? रॅपर एनबीएत खेळला का?

मास्टर पी सगळ्यात जवळ पोहोचला. स्वतःची रेकॉर्ड कंपनी, नंबर एकचा अल्बम, गडगंज पैसा, सगळं असताना त्याने १९९९ च्या सुरुवातीला शार्लट हॉर्नेट्सच्या आणि त्याच वर्षाअखेरीस टोरोंटो रॅप्टर्सच्या सराव शिबिरात घाम गाळला. दोन्हीकडे अंतिम संघात निवड झाली नाही, पण तिथवर जाणंसुद्धा साधं नाही.

त्याचा मुलगा रोमियो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळला. त्याच्या शिष्यवृत्तीची कथा अशी की मास्टर पीने प्रशिक्षकांना फोन करून सांगितलं, डीमार डीरोझन आणि रोमियो दोघंही तुमच्याकडे यायला तयार आहेत. डीरोझन तेव्हा देशातल्या सर्वोत्तम शालेय खेळाडूंपैकी होता. प्रशिक्षकांनी दोघांनाही घेतलं. डीरोझन वर्षभरात एनबीएत नवव्या क्रमांकावर निवडला गेला. रोमियोच्या खात्यात विद्यापीठाच्या कारकिर्दीत एकूण पाच गुण जमा झाले.

जे. कोलचंही तसंच. मे २०२१ मध्ये त्याचा अल्बम आला आणि दोनच दिवसांनी तो रवांडाच्या किगालीत पेट्रियट्स संघाकडून बास्केटबॉल आफ्रिका लीगच्या पहिल्या सामन्यात उतरला. अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. मैदानावर तीन सामन्यांत मिळून पाच गुण झाले. जगातल्या आघाडीच्या रॅपरने चेंडूसाठी जमिनीवर झेप घेतलेली बघताना मला त्याच्याबद्दल आदरच वाटला. पुढच्या वर्षी तो कॅनडाच्या लीगमध्येही खेळला.

खेळाडू रॅपर होऊ शकतो, पण रॅपर एनबीए खेळाडू होत नाही, याचं कारण स्कोअरबोर्ड. स्टुडिओत चांगला निर्माता घेता येतो, कच्ची ओळ वीसदा म्हणता येते, पाहुणा गायक कडवं उचलून धरतो. मैदानात समोरचा साडेसहा फुटी पोरगा तुमचे पुरस्कार विचारत नाही. सेलिब्रिटींच्या सामन्यात मात्र रॅपर चमकतात. २०१८ च्या ऑल-स्टार सेलिब्रिटी सामन्यात मिगोस गटाचा क्वेव्हो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तो खरोखर छान खेळला होता.

लेब्रॉनच्या भांडणात सोल्जा बॉय कुठून आला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सांगताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

२००८ मध्ये वॉशिंग्टन विझर्ड्सच्या डीशॉन स्टीव्हन्सनने लेब्रॉनचा गाजावाजा जरुरीपेक्षा जास्त आहे असं विधान केलं. लेब्रॉनला विचारल्यावर तो म्हणाला, मी यावर बोलणं म्हणजे जे-झीने सोल्जा बॉयला उत्तर देण्यासारखं आहे. जे-झी म्हणजे रॅपमधला दिग्गज; सोल्जा बॉय तेव्हा अठराच्या आत-बाहेरचा, एका नाचाच्या गाण्यामुळे रातोरात गाजलेला पोरगा. त्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, नेमके विझर्ड्स आणि लेब्रॉनचा क्लीव्हलंड हेच दोन संघ समोरासमोर आले. तिसऱ्या सामन्याला सोल्जा बॉय वॉशिंग्टनमध्ये मैदानालगतच्या खुर्चीवर हजर! विझर्ड्सने तो सामना ३६ गुणांनी जिंकला. आता जे-झी गप्प बसेल? त्याने लेब्रॉनची बाजू घेत स्टीव्हन्सनवर खास गाणं रेकॉर्ड केलं आणि ते वॉशिंग्टनच्याच एका क्लबात वाजवलं गेलं. म्हणजे उत्तर देणं शोभणार नाही असं ज्याच्या नावाने सांगितलं होतं, त्यानेच उत्तर दिलं. मालिका लेब्रॉनच्या क्लीव्हलंडने ४-२ अशी जिंकली.

गोष्ट तिथे संपत नाही. २०११ च्या अंतिम फेरीत लेब्रॉनच्या मायामीला डॅलसने हरवलं. त्या डॅलस संघात स्टीव्हन्सन होता.

ड्रेक नेमका रॅप्टर्सचा कोण लागतो?

टोरोंटोचाच हा रॅपर सप्टेंबर २०१३ पासून संघाचा ‘ग्लोबल अँबॅसडर’ आहे. कामाचं स्वरूप मात्र त्याने स्वतःच ठरवलेलं दिसतं. २०१४ च्या प्लेऑफमध्ये तो पहिल्या रांगेत बसून कपड्यांवरचे धागे-केस काढायचा रोलर आपल्या पँटवरून शांतपणे फिरवताना कॅमेऱ्यात सापडला. त्याच वर्षी केंटकी विद्यापीठाच्या संघासोबत सराव करताना त्याने तीन गुणांच्या रेषेवरून चेंडू मारला आणि तो रिंगला शिवलासुद्धा नाही.

२०१९ चा वसंत मात्र त्याचाच. मिलवॉकीविरुद्धच्या सामन्यात खेळ चालू असताना तो खुर्चीवरून उठला आणि टोरोंटोचे प्रशिक्षक निक नर्स यांचे खांदे चेपून आला. मिलवॉकीच्या प्रशिक्षकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. अंतिम फेरीत समोर गोल्डन स्टेट. आता पंचाईत अशी की ड्रेकच्या हातावर स्टीफन करी आणि केव्हिन ड्युरंट यांच्या जर्सी क्रमांकांचं गोंदण आहे आणि दोघंही तेव्हा गोल्डन स्टेटचे. त्याने पट्टी बांधून ते झाकलं. पहिल्या सामन्याला तो करीच्या वडिलांची, डेल करी यांची, जुनी रॅप्टर्स जर्सी घालून आला. टोरोंटोने ४-२ ने विजेतेपद मिळवलं. खांदे चेपण्याचा वाटा किती हे सांगता येणार नाही, पण इतक्या जीव तोडून संघावर प्रेम करणारा अँबॅसडर दुसरा मला माहीत नाही.

रॅपरचे शाप खरंच लागतात का?

लागतात असं मानणारे पुष्कळ आहेत आणि उदाहरणं त्यांच्या बाजूने आहेत. बर्कलीचा रॅपर लिल बी. २०११ मध्ये ड्युरंटने ट्विटरवर त्याच्या गाण्यांना नावं ठेवली. लिल बीने शाप दिला: तुला विजेतेपद मिळणार नाही. २०१२ ची अंतिम फेरी ड्युरंट हरला. २०१६ मध्ये तो गोल्डन स्टेटकडे, म्हणजे लिल बीच्याच भागातल्या संघाकडे आला आणि शाप मागे घेण्यात आला. २०१७ आणि २०१८, लागोपाठ दोन विजेतेपदं. मधल्या काळात, २०१५ मध्ये, जेम्स हार्डनने लिल बीचा ‘स्वयंपाकाचा’ नाच श्रेय न देता केल्याचा ठपका आला, शाप पडला, आणि गोल्डन स्टेटविरुद्धच्या निर्णायक सामन्यात हार्डनने प्लेऑफमधला विक्रम होईल इतक्या वेळा चेंडू गमावला.

दुसरा शाप रॅपर जा रूलचा. फेब्रुवारी २०१९, मिलवॉकी, सामन्याच्या मध्यंतरात त्याचा कार्यक्रम. त्याने प्रेक्षकांना ‘तयार आहात का?’ विचारलं, संगीत सुरूच झालं नाही, आणि त्याच्या मागे मिलवॉकीचा तारा यानिस अंटेटोकुंपो निवांत शॉट मारण्याचा सराव करत राहिला. पाहुण्या मिनेसोटा संघाने ट्विटरवर त्याची चेष्टा केली. जा रूलने उत्तर दिलं: तीस वर्षं तुम्हाला विजेतेपद नाही, आणि तुमचा तारा कार्ल-अँथनी टाउन्स तुम्हाला सोडून जाणार. २०२४ मध्ये टाउन्स न्यूयॉर्कला गेला.

अंधारामुळे रद्द झालेला सामना कोणता?

रकर पार्कचाच, २००३ चा अंतिम सामना. एका बाजूला रॅपर फॅट जोचा संघ, दुसऱ्या बाजूला जे-झीचा, आणि दोघंही एनबीएतले तारे गोळा करण्याच्या चढाओढीत. १४ ऑगस्टला सामना, आणि त्याच दिवशी अमेरिकेच्या ईशान्य भागासह कॅनडाच्या ओंटारिओतही वीज गेली. सुमारे पाच कोटी लोक अंधारात. सामना पुढे ढकलला गेला, तोवर जे-झी परदेशी गेला होता. त्याचा संघ आलाच नाही आणि चषक फॅट जोकडे गेला. कोण जिंकलं असतं यावर न्यूयॉर्कची माणसं अजून तावातावाने वाद घालतात.

गाण्याची सुट्टी मागणारा खेळाडू कोण?

रॉन आर्टेस्ट. नोव्हेंबर २००४ मध्ये, म्हणजे हंगाम नुकता सुरू झालेला असताना, त्याने इंडियाना संघाकडे सुट्टी मागितली, कारण आपल्या रेकॉर्ड कंपनीच्या अल्बमच्या प्रसिद्धीत तो दमला होता. प्रशिक्षकांनी दोन सामने बाकावर बसवलं. २०१० मध्ये लेकर्सकडून विजेतेपद मिळाल्यावर त्याने पत्रकार परिषदेत आपल्या मानसोपचारतज्ज्ञांचे आभार मानले आणि नव्या गाण्याची जाहिरातही केली. लोक हसले. पण मग त्याने विजेतेपदाची अंगठी मानसिक आरोग्याच्या कामासाठी सोडतीत देऊन टाकली आणि त्यातून पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्याच्याबद्दल बोलताना हेही सांगितलं पाहिजे.

जे-झी संघाचा मालक होता म्हणतात, ते खरं का?

नेट्स या संघात त्याचा हिस्सा एक टक्क्याहूनही कमी होता. पण २०१२ मध्ये संघ न्यू जर्सीहून ब्रुकलिनला आला तेव्हा नवं स्टेडियम त्याच्याच आठ कार्यक्रमांनी उघडलं, आणि बऱ्याच लोकांना अख्खा संघ त्याचाच वाटायचा. २०१३ मध्ये खेळाडूंचं प्रतिनिधित्व करणारी कंपनी काढल्यामुळे नियमाप्रमाणे त्याला हिस्सा विकावा लागला.

या सगळ्याचा मुंबईशी काही धागा जुळतो का?

जुळतो, तोही शॅकमार्फत. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेतला आणि त्याच वर्षी शॅक त्यात छोटा भागीदार झाला. २०२२ पर्यंत तो होता. म्हणजे काही वर्षं प्लॅटिनम रॅपर आणि मुंबईकर एकाच संघाच्या मालकांत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्जच वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळले. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने. पहिला जादा वेळेत गेला आणि पेसर्सने १३२-१३१ असा एका गुणाने घेतला.

नागपाड्याच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळला जातो आणि कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्यांतून रॅप वर आला. या दोन मंडळींचा एकमेकांविरुद्ध सामना कुणी भरवला तर निवेदकाचा माइक धरायला मी फुकट येईन.